कोरं लुगडं

आमचे अप्पा लातूरला गंजगोलाईतल्या एका कापडदुकानात चाळीस वर्षं गादीवर बसले. गादीवर बसले म्हणजे मालक नव्हते. मालकाच्या शेजारी, थोडं खाली, हातात मोजायची लोखंडी पट्टी घेऊन. मीटर येऊन जमाना झाला तरी त्या पट्टीला ते गजच म्हणायचे. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, शर्टाचा कपडा दाखवा, की अप्पा अगदी नम्रपणे सांगायचे, "कपडा समोर शिंप्याकडं मिळंल. आमच्याकडं कापड हाय." गिऱ्हाईक गोंधळून खरंच समोर जायला निघायचं आणि मालक कपाळाला हात लावायचा.

घरी आम्हा दोघा भावंडांना हा धडा जेवताना मिळायचा. थानाला, म्हणजे ताग्याला, आहे तोवर कापड. कात्री लागली, सुई लागली, कुणाच्या तरी अंगावर चढलं की कपडा. फाटलं की धडुतं, त्याच्याही पुढं गेलं की चिंधी. आणि वस्त्र? वस्त्र देवाला, नाहीतर मेलेल्याला. जित्या माणसाला वस्त्र कशाला लागतं, असं अप्पा म्हणायचे आणि भाकरीचा तुकडा मोडायचे. लग्नपत्रिकेत कुणी 'वस्त्रालंकार' छापलं की त्यांना ती पत्रिका अशुभ वाटायची.

माझी बहीण, म्हणजे अक्का, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिनं एकदा अप्पांना बरोबर पकडलं होतं. साडीला कात्री लागत नाही, सुई लागत नाही, मग ती कापड का कपडा? अप्पा बराच वेळ ताक पीत राहिले. मग म्हणाले, घडी मोडेपर्यंत कापड, घडी मोडली की बाईचा कपडा. घडी मोडणं म्हणजे पहिल्यांदा नेसणं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अक्कानं माझ्याकडं बघून भुवई उडवली. अप्पांकडून उत्तर काढणारी घरात ती एकटीच होती. मला तर त्यांचे प्रश्नसुद्धा नीट ऐकू यायचे नाहीत.

पुढं मी मॅचिंग सेंटर काढलं. अस्तर, परकर, ब्लाऊजपीस, फॉल, आणि कोपऱ्यात एक पिकोचं मशीन. अप्पांच्या शास्त्रात मी कुठंच बसेना. कापड विकत नव्हतो, कपडे शिवत नव्हतो. वडिलांनी थानं फोडली आणि लेक साडीच्या तळाला पट्टी लावतो, असं ते पाहुण्यांना सांगायचे, वर हसायचे नाहीत, त्यामुळं पाहुण्यांनाही हसावं की नाही कळायचं नाही. फॉल मी हातानंच लावतो. बायको मशीनवर पिको करते, कारण माझी पिको वाकडी जाते. म्हणजे दुकान माझं, पण सरळ रेषा तिची.

अक्काला नांदेडला दिलेली. दर नागपंचमीला ती लातूरला यायची आणि मी तिला साडी द्यायचो, फॉल-पिको करून. ती साडी हातात घेतल्याबरोबर काठ उलटायची आणि टाके बघायची. रंग नंतर, पोत नंतर, आधी टाके. "दोन धुण्यात उसवतो तुझा फॉल," म्हणायची. "नांदेडला आमच्या गल्लीतली म्हातारी तुझ्यापरीस बरा लावती, आन् तिला दिसत न्हाई." हे ती वीस वर्षं म्हणत होती. शेवटी शेवटी मी टाके जरा जास्तच बारीक घ्यायला लागलो होतो. ते तिच्या लक्षात आलं होतं की नाही, ते तिनं कधी कळू दिलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर अक्काच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न काढता परत शिवलं. हे दाजींनी मला फोनवर सांगितलं. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, मोजकं बोलणारा माणूस. ते म्हणाले, उघडून बघितलं, परत टाके घातले. मी टाक्यांचाच धंदा करणारा. मला पुढचं सांगायची गरज नव्हती.

उन्हाळाभर मी लातूर-नांदेड करत राहिलो. अहमदपूर, लोहा, बसची खिडकी, हातात डबा. डबा ती खात नव्हती हे माहीत असूनही बायको द्यायची आणि मी न्यायचो. परत येताना लोह्याच्या स्टँडवर बसून तो मीच खायचो, कारण घरी भरलेला डबा परत नेण्याची हिंमत नव्हती. बायकोला हे ठाऊक होतं. मेथीची भाजी अक्काला कधीच आवडली नाही, मला आवडते. दर वेळी डब्यात मेथीच असायची.

मृग सरत आला तेव्हा आत्याचा फोन आला. अप्पांची ही धाकटी बहीण बिलोलीला असते आणि नात्यातल्या सगळ्या मरणांची व्यवस्था तिच्याकडं आहे, म्हणजे तिनं ती आपणहून घेतली आहे. ती म्हणाली, आता नांदेडला जाशील तर एक कोरं लुगडं संगं असू दे. ऐन वेळेला दुकानं बंद असली की लई पंचाईत होती.

आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. भाऊ आणतो. ते कोरं लागतं. घडी न मोडलेलं, पाणी न लागलेलं, आणि आमच्या घराण्यात सुईसुद्धा न लागलेलं. आईच्या वेळी मामा असंच लुगडं घेऊन आले होते आणि अप्पांनी ते देण्याआधी काठाकाठानं बोटं फिरवून बघितलं होतं. तेव्हा त्यांना दिसत होतं. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेले आहेत, पण अंगठा आणि बोटाच्या मध्ये कापड धरलं की अजून सांगतात, हे सुती, ह्याच्यात भेसळ हाय, हे पावसात भिजलेलं हाय.

मी आत्यावर भडकलो. अजून माणूस बोलतंय, चहा पितंय, आणि तुम्ही लुगडं काढून राहिलात, असं काहीतरी बोललो. आत्या शांतपणे म्हणाली, "बोलणाऱ्या माणसालाच लागतं पुढं, बाबा." आणि फोन ठेवला.

अप्पा पलंगावर बसून ऐकत होते. ते इतकंच म्हणाले, ती खरं बोलून राहिली.

मी बाजारात गेलो आणि जांभळी साडी घेऊन आलो. बारीक जरीचा काठ. मागच्या पंचमीला जाताना अक्का म्हणाली होती, हिरव्या लई झाल्या रे, पुढच्या वर्षी जांभळी दे. दुकानात येऊन मी शटर अर्धं खाली ओढलं, साडीला जोडून आलेला ब्लाऊजपीस कापून वेगळा केला आणि पिको स्वतः केली. वाकडी गेली. मग फॉल घेऊन बसलो. त्या दिवशीइतके बारीक टाके मी कुणाच्याही साडीला घातले नाहीत. हे प्रेमानं केलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे ते रागानं केलं. एकदा सुई लागली की हे लुगडं त्या कामाला चालणार नाही. ते फक्त नेसायलाच चालेल. आणि नेसायला चालायचं असेल तर नेसणारी लागेल. पन्नाशी उलटलेल्या माणसाची ही अक्कल.

घरी आलो तेव्हा अप्पांनी साडी मागितली. काठावर बोट फिरवलं, फॉलवर थांबले, आणि साडी परत दिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दवाखान्यात गेलो. अक्का उशीला टेकून बसली होती. हात इतका बारीक झाला होता की मापाला ठेवलेलं तिचं जे ब्लाऊज माझ्या गल्ल्याखालच्या खणात आहे, त्याची बाही तिच्या दंडावर दोनदा गुंडाळली असती. म्हणूनच ब्लाऊज शिवून आणलं नव्हतं. मी साडी पुढं केली. तिनं नेहमीसारखा काठ उलटला. टाक्यांवरून नख नेलं. खूप वेळ.

"फॉल लावून आणलास?"

"हाव."

"पंचमीला अजून महिना हाय."

"असू दे की."

"मग आत्ताच का आणलीस?"

मी खिडकीकडं बघितलं. खिडकीबाहेर दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. ती कापड-दुकानवाल्याची लेक होती. सुई लागलेलं लुगडं आणण्याचा अर्थ तिला कळला, आणि महिनाभर आधी आणण्याचाही कळला. दोन्ही अर्थ एकमेकांच्या विरुद्ध होते आणि ते दोन्ही मीच आणले होते, एकाच पिशवीत.

"येड्या," ती म्हणाली. मग काठ सरळ केला. "ह्या खेपेला टाके बरे हायत."

वीस वर्षांत पहिल्यांदा. मी लोह्याच्या स्टँडवर त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

गुरुवारी सकाळी दाजींचा फोन आला. ते म्हणाले, या आता. एवढंच.

मी गाडी केली. बायको पुढं बसली, अप्पा आणि मी मागं. अप्पांनी मांडीवर त्यांची जुनी कापडी पिशवी घेतली होती. मी विचारलं नाही. मला वाटलं औषधं असतील. अहमदपूरच्या पुढं त्यांनी एकदा विचारलं, पाऊस हाय का. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, वास येऊन राहिला.

आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. आम्ही दाजींच्या घरी पोचलो तेव्हा अक्काला अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळावर विभूती ओढली होती, गळ्यात लिंग होतं, आणि मान पडू नये म्हणून मागून एक पट्टी बांधली होती. अंगावर पांढरी चादर. माहेरच्या लुगड्यासाठी सगळं अडलेलं होतं. विधी करणारे स्वामी बाहेर ओट्यावर बसून घड्याळ बघत होते.

अक्काच्या सासूबाई ऐंशीच्या आहेत. त्याच म्हणाल्या, "आणलंस का बाबा लुगडं?"

दवाखान्यातून आलेल्या सामानात जांभळी साडी होती. मी ती पुढं केली. सासूबाईंनी काठ उलटला. त्या घरात दिलेली प्रत्येक बाई काठ उलटायला कुठं शिकते कोण जाणे.

"सुई लागलीय ह्याला."

"उसवतो," मी म्हणालो.

कुणीतरी म्हणालं, कोपऱ्यावर दुकान आहे, दहा मिनिटांत नवी येईल. दाजींचे भाऊ चपला घालायलाही लागले. मी म्हणालो, नको, तिला हीच द्यायची, तिनं मागितली होती. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण दाजींच्या भावांनी चपला काढल्या. दाजींच्या दाढीच्या सामानातून एक ब्लेड आलं. मी दाराशी बसलो आणि फॉल उसवायला लागलो.

खोलीत वीसेक बायका होत्या. माझं काम इतक्या बायकांनी इतकं लक्ष देऊन आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. आणि तो फॉल निघेना. दोन धुण्यात उसवणारा माझा फॉल. एकेक टाका इतका बारीक की ब्लेडचं टोक आत जाईना, हाताला घाम, साडी सरकायची. वीतभर उसवायला किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर स्वामी खाकरले. जिथं उसवलं तिथं भोकांची एक ओळ राहिली होती, मुंग्या गेल्यासारखी. आणि फॉल सगळा निघाला तरी पिको राहणारच होती. पिको उसवत नाही, कापावी लागते. हे मला माहीत होतं. वीस वर्षं गिऱ्हाइकांना मीच सांगतो. तरी मी उसवत होतो.

"हिकडं दे," अप्पा म्हणाले. त्यांना कुणीतरी खुर्चीवर बसवलं होतं.

मी साडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी भोकांच्या ओळीवरून बोट नेलं. पिकोवरून नेलं. मग साडी पुढं ओढत ओढत मधोमध आले, जिथं निऱ्या येतात तिथं, आणि थांबले. अंगठा मागं गेला, पुढं आला. पुन्हा मागं गेला.

"उसवू नको," ते म्हणाले. "हिची घडी मोडलीय."

मी म्हणालो, अप्पा, नवी आहे, रविवारी दिली मी.

"निऱ्या घातल्याल्या हायत हिला. हाताला कळतंय. कुणी नेसली ही?"

माझी भाची, अक्काची एकुलती एक लेक, चादरीचं टोक धरून बसली होती, ती बोलली. मंगळवारी दुपारी आई म्हणाली, मला ती साडी नेसव. भाचीनं तिला सांगितलं की पंचमीला नेस. आई म्हणाली, पंचमी मी आजच करून राहिले, तू निऱ्या घाल. दवाखान्याच्या गाऊनवरूनच नेसवली. नर्स रागावली. आई खिडकीशी खुर्चीत बसली, दहा मिनिटं असेल, पाव तासही नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. मग म्हणाली, काढ आता, घडी घालून ठेव, मामाला सांगू नको.

"मामाला का न्हाई सांगायचं?" सासूबाईंनी विचारलं.

भाचीनं मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

अप्पा साडीवर हात ठेवून बसले. त्यांच्या तोंडाकडं बघायची मला हिंमत नव्हती, म्हणून मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. चाळीस वर्षं गज धरलेला हात. तो त्या जांभळ्या निऱ्यांवर असा ठेवलेला होता की गिऱ्हाइकानं आता घासाघीस बंद करावी.

"हा तिचा कपडा झाला," ते म्हणाले. "नेसून झाला. हा आता लागत न्हाई." आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीत हात घालून त्यांनी एक कोरं हिरवं लुगडं काढलं. कागदी पट्टीसुद्धा सुटली नव्हती. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. भावानं द्यायचं असतं ना, म्हणून.

मी विचारलं, हे कधी घेतलं. ते म्हणाले, तू दुकानात फॉल लावून राहिला होतास तवा. सूनबाईला पाठवलं होतं.

मी बायकोकडं बघितलं. ती दाराला टेकून उभी होती. तिनं नजर खाली घेतली. त्या दिवशी दुपारी ती उशिरा आली होती आणि पिको मी वाकडी केली होती, हे मला आत्ता जुळलं.

हिरवं लुगडं मी दोन्ही हातांनी सासूबाईंना दिलं. बायकांनी चादरीचा आडोसा धरला. अक्का म्हणाली होती हिरव्या लई झाल्या. शेवटी आणखी एक झाली. त्या कोऱ्या लुगड्याची खळ इतकी कडक होती की ते अंगाला बसेना, खांद्यावरून फुगून राहिलं. सासूबाई तळहातानं पुन्हा पुन्हा दाबत होत्या. मग स्वामी आत आले.

स्मशानातली माती काळी आणि भिजलेली होती. पाऊस आमच्या आधी येऊन गेला होता. तिला आत बसवल्यावर वरून मला फक्त विभूती आणि हिरवा पदर दिसत होता. मी मीठ टाकलं, मग माती टाकली. दुसरं काही करायला नव्हतं.

अक्काच्या घरी परत आलो तेव्हा बायका केर काढून गेल्या होत्या आणि जांभळी साडी तशीच खुर्चीवर पडली होती, फॉल वीतभर लोंबत. भाची म्हणाली, मामा, ही मला राहू दे. मी म्हणालो, घे, पण अशी नको नेऊस. सुईदोरा मागितला. घरात जांभळा दोरा नव्हता, काळा नव्हता, एक पांढरं रीळ होतं, गाद्यांचं. मी दाराशी बसून तेवढी वीत परत शिवली. टाके मोठे पडले. पांढऱ्या दोऱ्याचे टाके जांभळ्या काठावर असे दिसत होते की रस्त्यावरच्या माणसालाही दिसावेत. भाचीनं बघितलं. तिनं काठ उलटला होता.

परतीच्या गाडीत लोह्याचा स्टँड मागं पडल्यावर अप्पांनी विचारलं, कुठल्या रंगाचा दोरा लावलास.

"जांभळा," मी म्हणालो.

"बरं," अप्पा म्हणाले. पिशवी रिकामी होती, ती त्यांनी मांडीवर घेऊन चार घड्या घातल्या. "निघताना मी हात लावून बघितली. गादीचा दोरा हाय तो. दोन धुण्यात निघणार न्हाई."